पगाराविना पहिलं वर्ष : सोलापुरात बसून रिटचिंग

मी घरून रिटचिंग करते. कॅटलॉग, जाहिरात, वेबसाइट यांसाठी फोटोग्राफरांनी काढलेले फोटो माझ्याकडे येतात आणि साफ होऊन परत जातात. २०२३-२४ हे माझं पगाराशिवायचं पहिलं पूर्ण आर्थिक वर्ष. त्याचा रिटर्न भरून झाला, रिफंडही आला, म्हणून आता लिहायला बसलेय. फोटोशॉप शिकवणारे क्लास सोलापुरात हवे तितके आहेत. बिल कसं करायचं, बँकेत कोणता कागद द्यायचा, 'क्लायंटकडून आले की देतो' म्हणणाऱ्याला काय सांगायचं, हे मात्र एकाही क्लासात शिकवत नाहीत.

त्याआधी सहा वर्षं मी एका अल्बम लॅबमध्ये होते. लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत करिज्मा अल्बमची पानं लावायची आणि नवरा-नवरीचे चेहरे 'क्लीन' करायचे. तिथं क्लीन म्हणजे सरसकट गुळगुळीत आणि वर दोन शेड गोरा. फोटोशॉपमधल्या पेन टूलवर (वस्तूच्या कडेनं रेघ ओढून ती कापून काढायचं साधन) हात बसला, वेग आला, हे त्या लॅबचं देणं. पण शेवटचा पगार १६ हजार होता आणि पुढं फार वाढेल असं काही दिसत नव्हतं. २०२२ च्या दिवाळीनंतर ठरवलं की घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला पडले की बाहेर पडायचं. ते पडायला मार्च उजाडला.

दरम्यान पोर्टफोलिओ करायला घेतला आणि पहिलीच अडचण आली. लॅबमधलं काम मला दाखवता येणार नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा कर्ता तो काढणारा, आणि पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, काढून घेणारा. रिटचर या दोघांत कुठंच बसत नाही. शिवाय कुणाच्या तरी लेकीचा लग्नातला चेहरा 'आधी' आणि 'नंतर' करून मी इंटरनेटवर टाकणं मलाच पटत नव्हतं.

मग जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरल्यावर, सात रस्त्याजवळच्या एका ओळखीच्या फोटोग्राफर दादांकडं गेले. त्यांनी शेंगा चटणीच्या बरण्यांचं शूट केलं होतं. "रॉ फाइल घेऊन काय करालीस गं?" असं विचारत का होईना, त्यांनी काही रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ, फाइल्स दिल्या आणि पोर्टफोलिओत वापरायची परवानगी व्हॉट्सॲपवर लिहून दिली. ही परवानगी लेखी घ्याच. एक ओळ पुरते. चटणीची बरणी हा सरावासाठी फार चांगला विषय आहे हे मला तेव्हा कळलं. काचेवर तेलाचे ओघळ, लेबलवर सुरकुती, झाकणात अख्ख्या स्टुडिओचं प्रतिबिंब, आणि आतला लाल रंग जरा सरकला की चटणी लोणच्याची फोड दिसायला लागते.

फेब्रुवारीत पुण्या-मुंबईच्या फोटोग्राफरांना ईमेल पाठवायला सुरुवात केली. पाच 'आधी-नंतर' जोड्यांची हलकी पीडीएफ, खाली दोन ओळी, दर नाही. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. याचं वाईट वाटतं. वाटू द्यावं, पण तीन-चार आठवड्यांनी एकदा आठवण करावी. माझं पहिलं नियमित काम आठवणीच्या ईमेलवरच मिळालं. पुण्यातल्या एका फोटोग्राफर सरांनी भेटायला बोलावलं. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून गेले. त्यांनी माझे फोटो २०० टक्के मोठे करून बघितले आणि काय काढलं यापेक्षा काय ठेवलं तेच विचारत राहिले. झाकणावरची सावली का ठेवली? लेबलचा उजवा कोपरा गडदच का ठेवला? मी म्हटलं, उजेड डावीकडून होता. ते म्हणाले, "बरोबर. माझं लाइटिंग पुसू नका, बाकी काय पुसायचं ते मी सांगेन." वर्षभर मी जे काही केलं ते या एका वाक्याच्या आधारानं केलं असं म्हणता येईल.

टेस्टबद्दल इथंच सांगते. एखादा फोटो फुकट करून दाखवणं ठीक आहे, मीही केलेत. पण 'टेस्ट' म्हणून अख्खं फोल्डर पाठवणारेही भेटतात. त्यांना नम्रपणे दर कळवला की बोलणं आपोआप थांबतं.

एप्रिलमध्ये सामान घेतलं. आयपीएस मॉनिटर २४ हजार, पेन टॅब्लेट ७ हजार, कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) १७ हजार, दोन हार्ड डिस्क, यूपीएस, जुन्या पीसीला जास्तीची रॅम. सगळं मिळून पाऊण लाखाच्या थोडं वर गेलं. फोटोशॉप आणि लाइटरूमचा प्लॅन तेव्हा महिना आठशेच्या आत होता. कॅलिब्रेटरचे १७ हजार सगळ्यांत जिवावर आले, पण आता कुणी विचारलं तर मी पेन टॅब्लेटच्याही आधी तोच घ्यायला सांगेन. रंग ६५०० केल्विनला, गॅमा २.२, ब्राइटनेस ११० च्या आसपास. दुकानातून आलेला मॉनिटर याच्या कितीतरी पट झगमगतो, आणि झगमगत्या पडद्यावर केलेला फोटो दुसरीकडं काळवंडलेला दिसतो. मागची पोपटी भिंतही फिक्या राखाडी रंगानं रंगवून घेतली. आई म्हणाली, खोली आहे का गोडाऊन?

मे महिन्याबद्दल सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. दुपारी वीज जायची, पीसी तापायचा. मोठ्या फाइल सेव्ह होताना वीज गेली की फाइल खराब होण्याची भीती, म्हणून यूपीएसला पर्याय नाही. मी पहाटे पाच ते अकरा आणि मग संध्याकाळनंतर असं वेळापत्रक लावलं. आजही तेच आहे. (लेयर, म्हणजे फोटोवरचे कामाचे थर, वाढत गेले की फोटोशॉपची पीएसडी फाइल २ जीबीला अडते. त्याआधीच पीएसबी या मोठ्या फाइलच्या प्रकारात सेव्ह करायची सवय लावा.)

त्याच महिन्यात फोटोशॉपच्या बीटामध्ये, म्हणजे चाचणी आवृत्तीत, जनरेटिव्ह फिल (एआयनं फोटोचा भाग आपोआप भरणारं साधन) आलं आणि ओळखीपाळखीचे सगळे मला विचारायला लागले, आता तुझं कसं गं? रात्री झोप उडाली होती हे खरं. करून बघितल्यावर थोडा धीर आला. त्यावेळी बीटातलं ते व्यावसायिक कामाला वापरायची परवानगीच नव्हती, ती सप्टेंबरमध्ये मिळाली. शिवाय मोठ्या जागेत भरलेला भाग मूळ फोटोपेक्षा मऊ, कमी तपशिलाचा यायचा. आता पार्श्वभूमी वाढवायला मी ते वापरते आणि वापरलं की फोटोग्राफरांना कळवते. वस्तूवर वापरत नाही. जी वस्तू विकायची तिचा धागा मशीननं मनानं विणलेला चालत नाही.

जूनमध्ये कागदपत्रं. हा भाग जरा सावकाश सांगते.

पहिलं उद्यम, म्हणजे केंद्र सरकारची लघुउद्योग नोंदणी. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढंच लागतं, सगळं ऑनलाइन आहे आणि मोफत आहे. हे 'मोफत' नीट लक्षात ठेवा. शोधायला गेलं की सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट वर येतात आणि दीड-दोन हजार मागतात. कामाचा कोड निवडताना फोटोग्राफीचा ७४२० हा गट घेतला. प्रमाणपत्र लगेच आलं.

दुसरं शॉप ॲक्ट, आपल्याकडे ज्याला सगळे गुमास्ता म्हणतात. दहापेक्षा कमी माणसं असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे तेव्हा, २०२३ मध्ये, परवाना लागत नव्हता, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. पण अर्जात जागेचा फोटो मागतात, तोही मराठी पाटीसकट. मी राहत्या घरात काम करणारी बाई, पाटी कुठली? फोटोशॉपमध्ये दारावर पाटी चिकटवायला मला चहा होईपर्यंतचा वेळ लागला असता, आणि तो मोह झाला नाही असं नाही. शेवटी नवी पेठेतून साडेतीनशे रुपयांत छोटी व्हिनाइलची पाटी करून आणली. पुढं करंट अकाउंट उघडताना बँकेचा माणूस खरोखर घरी आला आणि पाटीसमोर उभं राहून फोटो काढून गेला. बँकेला धंद्याच्या नावाचे दोन पुरावे हवे असतात. उद्यम आणि शॉप ॲक्ट मिळून काम होतं. तरीही सही जुळत नाही, पॅनवरचं नाव आणि आधारवरचं नाव यात एका अक्षराचा फरक आहे, अशा कारणांनी तीन आठवडे गेले. आधीच दोन्ही कार्डांवरचं नाव एकसारखं करून घ्या.

तिसरं व्यवसाय कर. स्वतंत्र काम करणाऱ्याला पीटीईसी नोंदणी लागते, वर्षाला २५०० रुपये, दरवर्षी ३० जूनपर्यंत. चौथं जीएसटी, ते मी घेतलं नाही. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही आणि परराज्यातल्या ग्राहकाला सेवा दिली तरी हीच मर्यादा आहे. बंगळूरच्या एका एजन्सीनं 'जीएसटी नंबरशिवाय काम देता येत नाही' म्हटलं तेव्हा मी नियम लिहून पाठवला. त्यांनी तरीही दिलं नाही. तो त्यांचा निर्णय, पण नियम माहीत असला की आपण उगाच घाबरून नोंदणी करून बसत नाही.

ऑगस्टपासून सणासुदीची कामं सुरू झाली, आणि ती आली कुठून? पुण्याच्या फोटोग्राफरकडून, पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलची! शूट पुण्यात झालेलं, माल आमच्या गावचा, रिटचिंग पुन्हा आमच्या गावात. शेकडो फोटो. विक्रीच्या वेबसाइटसाठी मागचा रंग पूर्ण पांढरा, म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल २५५, आणि वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला. हे कटिंगचं काम यांत्रिक आहे, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. फक्त टॉवेलची कड पेन टूलनं धारदार कापू नका. कागदातून कापल्यासारखी दिसते. लूप, म्हणजे टॉवेलवरचे धाग्याचे फास, बाहेर डोकावले पाहिजेत, त्यासाठी मास्कच लागतो, म्हणजे न कापता नको तो भाग नुसता झाकायचा.

खरं काम आत होतं. माझे वडील आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, होते. निवृत्त झाल्यापासून माझ्या पाठीमागे खुर्ची टाकून बसतात. एक दिवस कुठल्यातरी जुन्या कॅटलॉगचं पान पडद्यावर होतं. ते म्हणाले, "ह्यात एकच तुकडा चार ठिकाणी चिकटवलाय बघ." मला दिसलाच नव्हता. ज्यानं नक्षीचा रिपीट मोजत दिवस काढले त्याच्यापासून क्लोन स्टँप, म्हणजे एका जागचा तुकडा उचलून दुसरीकडं उमटवणं, लपवता येत नाही. मग त्यांनी समजावलं. टॉवेलला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन भीम (रूळ) असतात, एक घट्ट जमिनीचा आणि एक सैल, त्या सैलातून लूप उभे राहतात. लूप एका बाजूला झोपले की तो भाग उजळ दिसतो, उलटे झोपले की गडद. फोटोत जे डाग वाटतात त्यातले निम्मे डाग नसतातच, हात फिरल्याच्या खुणा असतात. म्हणून ते क्लोननं झाकायचे नाहीत. पोत आणि उजेड वेगळे करून, म्हणजे फ्रिक्वेन्सी सेपरेशननं, फक्त उजेडाचा थर हलक्या हातानं सारखा करायचा. लूप जिथले तिथं राहतात. डोळ्यांना सगळा टॉवेल एका दिशेनं विंचरल्यासारखा वाटतो. सुटलेला धागा, चिकटलेलं तूस हे काढायचं. ओढली गेलेली लूप दिसली की मात्र मी फोटोग्राफरांना विचारते, कारण तो माल सेकंडचा, म्हणजे दोष असलेला, असू शकतो आणि फोटो फर्स्टचा होऊन जातो.

बॉर्डरवरच्या बारीक विणीत मोअरे यायचा, इंद्रधनुषी लाटा. रंगाच्या मोडमधल्या वेगळ्या लेयरवर शेजारचा रंग भरला की रंगाच्या लाटा जातात. उजेडाच्या लाटा राहिल्या तर तास-दोन तास जातात, किंवा पुन्हा शूट करायला सांगावं लागतं. सांगायला लाजू नका.

रंगाचा घोळ वेगळाच. एका गडद निळ्या टॉवेलवर 'जांभळा दिसतोय' असा शेरा परत परत आला. माझा मॉनिटर कॅलिब्रेट केलेला, फोटोग्राफरकडं कलरचेकर (रंग पडताळायची पट्टी) लावलेला, तरीही. शेवटी परवानगी घेऊन सरळ कारखान्यात गेले. त्यांच्या रंग जुळवायच्या पेटीत डी६५, म्हणजे दिवसाच्या प्रमाण उजेडाखाली तो निळा होता आणि ऑफिसच्या ट्यूबखाली जांभळट. शेरे लिहिणारे साहेब ट्यूबखाली टॉवेल धरून फोटो बघत होते. तेव्हापासून मोठ्या कामात मी कापडाचा नमुना कुरिअरनं मागवते आणि कोणत्या उजेडात जुळवायचं ते आधी ठरवून घेते. ग्राहक शेवटी फोनवरच बघणार, म्हणून अंतिम फाइल एसआरजीबी या फोन-वेबसाठीच्या रंगमानात.

याच हंगामात एका ठिकाणाहून निरोप आला, 'टॉवेल जरा जाड दाखवा.' ४०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) माल ६०० चा दिसावा अशी इच्छा. मी फोटोग्राफर सरांना कळवलं आणि म्हटलं, हे लेखी मागवा. लेखी काही आलं नाही, विषय तिथंच संपला. घडीची सुरकुती काढणं आणि टॉवेलला नसलेलं वजन देणं यात मला फरक वाटतो. ग्राहक आंघोळीनंतर तो टॉवेल हातात घेणारच आहे.

माझे दर विचारले जातात म्हणून लिहिते. हे माझे आहेत, बाजाराचे नाहीत. साधं कटिंग २५ ते ४० रुपये, कॅटलॉगचा फोटो १५० च्या पुढं, जाहिरातीचा मुख्य फोटो १२०० पासून. सुरुवातीचे काही महिने प्रत्येक फोटोला लागलेला वेळ वहीत लिहिला, त्यावरून हे आकडे ठरले. नव्या माणसाकडून अर्धे पैसे आधी. करेक्शनच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून वेगळे. आणि 'करेक्शन' म्हणजे आधी सांगितलेलं राहिलं ते. नवीन सुचलेलं ते नवीन काम. हे सगळं काम सुरू करण्याआधी एका ईमेलमध्ये.

तरीही पैसे अडकले. एका एजन्सीकडं ऑक्टोबरपासूनची बिलं पडून होती. फोन केला की 'अहो मॅडम, चालू आहे प्रोसेस.' इथं उद्यमचा कागद कामाला आला. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. शिवाय त्याच आर्थिक वर्षापासून प्राप्तिकराचं ४३बी(एच) कलम लागू झालं होतं. मुदतीत न दिलेली आणि मार्चअखेरही बाकी राहिलेली रक्कम काम करून घेणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. मी जानेवारीत बिलांची यादी, उद्यम नंबर आणि या कलमाचा उल्लेख असं शांत शब्दांत ईमेल केलं, त्यांच्या अकाउंट्स विभागाला, ओळखीच्या माणसाला नव्हे. मार्चअखेरच्या आत पैसे आले. नसते आले तर सरकारच्या एमएसएमई समाधान पोर्टलवर तक्रार करायची तयारी ठेवली होती. तेव्हापासून प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापलेला असतो.

शेवटचा टप्पा रिटर्न. दोन एजन्सींनी प्राप्तिकराच्या कलम १९४जे खाली १० टक्के टीडीएस कापला होता, एकूण २१ हजारांच्या वर. मे महिन्यात २६एएस, म्हणजे कापलेल्या टीडीएसचा प्राप्तिकर खात्याकडचा हिशेब, उघडलं तर एका एजन्सीची शेवटची तिमाही दिसेना. घाबरायचं कारण नसतं. त्या तिमाहीचं विवरण भरायची त्यांची मुदतच ३१ मे असते आणि १६ए प्रमाणपत्र १५ जूनपर्यंत येतं. म्हणून जून निम्मा होईपर्यंत रिटर्नला हातच लावू नका. माझ्या बाबतीत दुसऱ्या एका रकमेला पॅनचं एक अक्षर चुकलं होतं. त्यांनी दुरुस्ती भरेपर्यंत जुलै लागला.

सीए काकांनी सगळ्या पावत्या मागितल्या. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो, विजेचा आणि इंटरनेटचा कामापुरता भाग खर्चात धरता येतो. पावत्या एका फोल्डरमध्ये महिन्यावार ठेवल्या होत्या, म्हणून बसून एका दुपारी झालं. त्यांची फी २५०० रुपये. नवी करप्रणाली त्या वर्षापासून आपोआप लागू होती आणि सात लाखांच्या आतल्या उत्पन्नावर सूट असल्यामुळे कर शून्य आला, म्हणजे कापलेला सगळा टीडीएस परत. उत्पन्न लॅबच्या पगारापेक्षा थोडं जास्त होतं. डिसेंबर आणि फेब्रुवारी मात्र जवळजवळ कोरडे गेले, तेव्हा बाजूला ठेवलेल्या पैशांनीच तारलं.

त्या वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, मुदत ३१ जुलैची होती. शेवटच्या गर्दीत साइट अडकते, म्हणून आठवडाभर आधी भरला. भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करावा लागतो, आधार ओटीपीनं होतो. उशीर झाला तर व्हेरिफाय केल्याची तारीखच भरल्याची धरतात, आणि केलाच नाही तर भरलेला धरत नाहीत. रिफंड ज्या खात्यात हवा ते पोर्टलवर आधी व्हॅलिडेट करून ठेवा. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पैसे जमा झाले आणि कलम १४३(१) ची सूचना ईमेलवर आली. ती पीडीएफ उघडेना म्हणून मी काकांना फोन केला. पासवर्ड असतो पॅन, इंग्रजी लहान अक्षरांत, आणि त्याला जोडून जन्मतारीख, मध्ये जागा न सोडता.